मुक्कामाचा हक्क

परगावी एसटीतून उतरलेल्या प्रवाशाने हातातले सामान सावरीत समोरच्या लॉजची पायरी चढावी, मेजामागच्या व्यवस्थापकाला खोली आहे का म्हणून विचारावे, वर जाऊन ती पाहावी आणि पसंत न पडल्यास शेजारच्या दाराशी जावे, हा मुक्काम शोधण्याचा जो परिपाठ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो आता पुष्कळसा मोडला आहे. खोलीची निवड घरच्या दिवाणखान्यात बसून, मोबाईलच्या पडद्यावर, प्रवासाच्या कित्येक दिवस आधी होते, आणि पैसेही तेथेच चुकते केले जातात. धडधाकट माणसाला हा बदल निव्वळ सोयीचा वाटतो. परंतु जो चाकाच्या खुर्चीतून वावरतो, ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही अथवा ज्याच्या हातांची बोटे नीट वळत नाहीत, त्याच्या दृष्टीने एकाच हॉटेलला आता दोन दारे झाली आहेत, एक रस्त्यावरचे आणि दुसरे संकेतस्थळावरचे. आणि पहिले दार कितीही रुंद केले तरी दुसरे जर बंद असेल, तर तो पाहुणा पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही. ही दोन्ही दारे एकाच मालकाच्या अखत्यारीत असूनही पहिल्याचा विचार गवंड्याकडे आणि दुसऱ्याचा कोठल्याशा संगणक कंपनीकडे सोपविला जातो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. माझ्या मते या विषयातील मुख्य दोष येथे आहे.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असे समजणारांसाठी जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २०११ च्या जनगणनेत भारतातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. त्या गणनेत गुडघे बदललेल्या आजी येत नाहीत, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले काका पुष्कळदा येत नाहीत, आणि ज्यांना रात्रीच्या मंद उजेडात पायरीची कड दिसत नाही असे असंख्य वृद्धही येत नाहीत. पंढरपूर, शिर्डी, गणपतीपुळे, महाबळेश्वर या ठिकाणी जाणारी आपली सहल बहुधा सहकुटुंब असते, आणि तिच्या आखणीत एक वाक्य हटकून येते : "तू घरीच थांब, तिथे तुझी उगाच गैरसोय होईल." हे वाक्य मायेने उच्चारले जाते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये संमत केलेल्या आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिलेल्या अपंग हक्क संहितेच्या तिसाव्या कलमात करमणूक, क्रीडा व पर्यटन यांच्या सेवा अपंगांना इतरांच्या बरोबरीने मिळाल्या पाहिजेत असे स्पष्ट म्हटले आहे. औषधोपचार, शिक्षण आणि रोजगार यांच्या पंक्तीला सहलीचा आनंद बसविणारे हे कलम मला त्या संहितेतील अत्यंत सहृदय कलमांपैकी एक वाटते.

प्रथम इमारतीकडे वळू. आपल्याकडील बहुतेक हॉटेलांचे जोते रस्त्यापासून दीड-दोन फूट उंच असते, कारण पावसाचे पाणी आत येऊ नये ही चिंता रास्त आहे. या जोत्यावर खुर्ची चढविण्यासाठी उतार बांधायचा तर त्याचे प्रमाण एकास बारा हवे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. हे प्रमाण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अभ्यासातून पुढे आले, १९६१ च्या तेथील पहिल्या मानकात दाखल झाले, आणि पुढे आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांतही आले. दोन फुटांच्या जोत्याला यानुसार चोवीस फुटांचा उतार लागतो. प्रत्यक्षात जागा वाचविण्यासाठी तो सात-आठ फुटांत उरकला जातो, वर गुळगुळीत फरशी बसविली जाते, आणि 'रॅम्प केला' अशी नोंद होते. अशा उतारावरून खुर्ची एकट्याने चढविता येत नाही, आणि उतरताना ती आवरतही नाही. पायऱ्या निदान फसवीत तरी नाहीत.

परंतु दर्शनी उतारापेक्षाही अपंग पाहुण्याची खरी कसोटी न्हाणीघरात लागते, आणि याविषयी सभ्यतेपोटी कोणी मोकळेपणाने बोलत नसल्यामुळेच ही गोष्ट इतकी वर्षे दुर्लक्षित राहिली. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिका, ज्यांना बालपणीच्या पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरावी लागते, सातारा जिल्ह्यातील एका थंड हवेच्या ठिकाणी मुक्कामासाठी जाणार होत्या, त्या वेळी तेथील मालकाशी त्यांचे जे बोलणे झाले ते मला त्यांच्या घरी बसून ऐकावयास मिळाले. "बाई, काही काळजी करू नका, अपंगांची खोली आहे आपल्याकडे, तळमजल्यावर, रॅम्पसुद्धा केलाय," असे मालकांनी आदराने सांगितले. बाई म्हणाल्या, "दादा, खोली असेल हो, पण बाथरूमचं दार किती इंच आहे?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. असा प्रश्न त्यांना पूर्वी कोणी केलाच नव्हता. त्यांनी बाजूला जाऊन फीत लावली आणि उत्तर आले, "चौकट सव्वीस इंच भरतेय." बाईंच्या खुर्चीची रुंदी पंचवीस इंच. चौकटीत दाराच्या फळीची जाडी धरली, चाके फिरविणाऱ्या हातांची बोटे धरली, की ती खुर्ची त्या दारातून जाणे अशक्य होते. "आणि उंबरा?" "आहे ना, कडाप्प्याची पट्टी, दोन इंचांची. पाणी बाहेर येऊ नये म्हणून." बाईंनी आभार मानून दुसरीकडे चौकशी केली.

या संभाषणात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मालकाने पैसे खर्च करून उतार बांधला होता, तळमजल्यावरची खोली राखून ठेवली होती, आणि तरीही ती खोली ज्या पाहुण्यासाठी राखली त्याच्या उपयोगाची नव्हती, कारण अखेरच्या दोन इंचांचा विचार कोणी केला नव्हता. भारत सरकारने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या एकत्रित मार्गदर्शक सूचनांत दाराची निव्वळ मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट, आणि आत खुर्ची वळविण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा सांगितली आहे. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावून तीवरून सरकत येता यावे इतकी जागा हवी, बैठकीची उंची खुर्चीच्या बैठकीशी जुळती, साडेचारशे ते चारशे ऐंशी मिलिमीटरच्या दरम्यान हवी, आणि आधाराच्या दांड्या भिंतीच्या विटेत खोलवर बसविलेल्या हव्यात. याच ठिकाणी एक गंभीर धोका सांगणे मला अगत्याचे वाटते. पुष्कळ न्हाणीघरांत कमोडशेजारी टॉवेल टाकण्याची चकचकीत दांडी असते. पायांत जोर नसलेला माणूस तोल जाताना स्वाभाविकपणे तिलाच धरतो, आणि टाइलमध्ये दोन लहान स्क्रूंवर उभी असलेली ती दांडी त्याच्यासह खाली येते. टॉवेलची दांडी हात पोहोचेल अशा जागी लावायचीच असेल, तर तीही माणसाचे वजन पेलणारी असावी.

जुन्या इमारतीत हे सारे करणे अशक्य आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती काही अंशी खरी आहे. प्रत्येक भिंत हलविता येत नाही. पण आत उघडणारे दार काढून बाहेरच्या भिंतीवर सरकते दार बसविणे, कडाप्प्याची पट्टी काढून त्या जागी हलका उतार आणि पाण्यासाठी जाळीची मोरी करणे, हातात धरण्याचा शॉवर आणि त्याखाली बसण्याचे भक्कम आसन ठेवणे, पेटीसारखा बंद पलंग काढून खाली मोकळा असलेला पलंग टाकणे, ही कामे सुतार, गवंडी आणि नळकारागीर यांच्या नेहमीच्या कामांपैकीच आहेत. नव्या इमारतीत तर हा खर्च नकाशाच्या वेळीच धरला म्हणजे निराळा असा फारसा राहत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या तारांकन-नियमावलीत अपंग पाहुण्यांसाठी किमान एक खोली, एक मीटर रुंदीचे दार, सरकत्या दारांचे कपाट, खालच्या उंचीवरील कपड्यांची दांडी आणि आवाजाबरोबरच लुकलुकणारा दिवा असलेली धोक्याची सूचना, अशा तरतुदी तपशीलवार दिलेल्या आहेत. मात्र तारांकन घेणे ऐच्छिक असल्यामुळे ज्या असंख्य लॉज, भक्तनिवास आणि घरगुती निवासांत मराठी माणूस प्रत्यक्ष उतरतो, ती या नियमावलीच्या कक्षेबाहेरच राहतात. आणि जेथे अशी खोली आहे तेथेही तिच्या न्हाणीघरात बादल्या, जादा गाद्या आणि झाडू रचून ठेवलेले आढळतात, हा अनुभव अनेक अपंग प्रवासी सांगतात.

सर्वच अपंग पाहुण्यांना बांधकाम लागते असेही नाही. कर्णबधिर पाहुण्याला खोलीतला टेलिफोन निरुपयोगी असतो. स्वागतकक्षाशी लेखी निरोपाची सोय, दारावरच्या घंटेला जोडलेला दिवा आणि आगीच्या वेळी चमकणारी सूचना, एवढ्याने त्याचा मुक्काम सुरक्षित होतो. दृष्टिहीन पाहुण्याला खोलीचा क्रमांक उठावदार अंकांत आणि ब्रेलमध्ये हवा, किल्लीच्या कार्डाची कोणती बाजू आत घालावयाची हे कळण्यासाठी एका कोपऱ्याला लहानशी खाच हवी, आणि शॅम्पू व अंगाला लावण्याच्या मलमाच्या एकसारख्या बाटल्या ओळखता याव्यात म्हणून एकीला रबराचे कडे घातले तरी पुरते. त्याला खोलीत सोडताना नोकराने एकदा दारापासून पलंग, पलंगापासून न्हाणीघर, खिडकी, दिव्यांची बटणे असे शांतपणे फिरवून दाखवावे, आणि मागाहून सफाई करताना त्याच्या वस्तूंच्या जागा बदलू नयेत. बोलताना सोबत्याकडे पाहून 'यांना काय हवंय?' असे विचारू नये. प्रश्न पाहुण्यालाच करावा. 'लेमन ट्री' या हॉटेलसमूहाने २००७ पासून कर्णबधिर व्यक्तींना नोकरीत घेण्यास आरंभ केला, त्याचे महत्त्व रोजगारापुरते नाही. ज्या घरात असा सहकारी रोज वावरतो, तेथे पाहुण्याशी कसे वागावे हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता दुसऱ्या दाराकडे. पुण्यातील एका बँकेत काम करणारे माझे एक दृष्टिहीन स्नेही कोकणातल्या मुक्कामासाठी खोली शोधीत असताना मी शेजारी बसलो होतो. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या आधारे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केलेली आणि आजही विनामूल्य मिळणारी 'एनव्हीडीए' ही त्यांपैकी एक. संकेतस्थळ उघडताच त्या यांत्रिक आवाजाने वाचायला सुरुवात केली : चित्र, चित्र, आयएमजी अंडरस्कोर झीरो झीरो फोर, बटण, बटण, बटण. डोळसांना जेथे समुद्राकडे उघडणारी गॅलरी, खोल्यांचे प्रकार आणि दर दिसत होते, तेथे माझ्या स्नेह्यांना एवढेच ऐकू येत होते, कारण चित्रांना शब्दांत वर्णन जोडलेले नव्हते आणि बटणांना नावे दिलेली नव्हती. तारीख निवडण्याचे कॅलेंडर माऊसवाचून, केवळ कळफलकावरून चालतच नव्हते. ते पार करण्यासाठी त्यांनी माझी मदत घेतली, त्यानंतर नाव-पत्ता स्वतः भरला, आणि अखेरीस वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा, असे फर्मान पुढे आले, ज्याला ध्वनीचा पर्याय ठेवलेला नव्हता. ते मितभाषी आहेत. "आता फोनच करतो," एवढेच म्हणाले.

मराठी संकेतस्थळांत याखेरीज एक आपला असा दोष असतो. युनिकोडपूर्व जुन्या टंकांत छापलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि वाचकप्रणाली तोच उच्चारते. मजकूर युनिकोडमध्ये असला, पण पानाची भाषा मराठी असल्याची खूण संहितेत नोंदली नसली, तर इंग्रजीचा आवाज देवनागरी गाळून पुढे जातो. सणासुदीची सवलत जाहीर करणारे रंगीत पत्रक तर बहुधा निव्वळ चित्र असते. त्यातील दर, तारखा, अटी यांपैकी एकही अक्षर ऐकता येत नाही. जेवणाच्या मेजावरील क्यूआर खुणेमागे दडलेली पदार्थांची यादीही पुष्कळदा अशीच छायाचित्र स्वरूपाची असते. हे दोष दूर करण्यासाठी भिंत पाडावी लागत नाही. वेबच्या सुगम्यतेची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिची ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे किमान प्रमाण साडेचारास एक, कळफलकावरून सर्व क्रिया करता येणे, वेळेची मर्यादा वाढवून मागण्याची मुभा, अशा गोष्टी बारकाईने सांगते. भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १७८०२' हे मानकही या विषयावर उपलब्ध आहे. येथे मालकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. संकेतस्थळावर एक लहानसे चिन्ह चिकटविले की सारे आपोआप सुगम्य होते, असा दावा करून विकली जाणारी साधने आहेत. अशाच एका कंपनीवर तिच्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरण्याची कारवाई केली. संकेतस्थळाच्या मूळ संहितेतील दुरुस्तीला पर्याय नाही.

संकेतस्थळ वाचता आले तरी त्यात काय लिहिले आहे हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. खोल्यांची नोंदणी करणाऱ्या बहुतेक ठिकाणी 'अपंगांना अनुकूल' अशी एक बरोबरची खूण असते. तिचा अर्थ कोणी उतार असा घेतो, कोणी लिफ्ट असा, कोणी तळमजला असा. नाशिकच्या बाईंना त्या खुणेचा काडीचाही उपयोग नव्हता. त्यांना आकडा हवा होता. अमेरिकेत मार्च २०१२ पासून लागू असलेल्या नियमानुसार हॉटेलाने आपल्या सुगम्य खोल्यांचे वर्णन नोंदणीच्या वेळी इतक्या तपशिलाने दिले पाहिजे, की अपंग व्यक्तीला ती खोली आपल्या गरजेची आहे किंवा नाही हे स्वतः ठरविता यावे. त्याच प्रकारच्या इतर सर्व खोल्या जाईपर्यंत ती राखून ठेवली पाहिजे. आणि एकदा नोंदविलेली तीच खोली त्या पाहुण्याला मिळाली पाहिजे. या तिसऱ्या अटीचे मोल, दिवसभराच्या प्रवासानंतर रात्री दहा वाजता 'ती खोली दुसऱ्यांना गेली, वरच्या मजल्यावर देतो' हे उत्तर ज्याने ऐकले आहे, त्यालाच कळेल.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. १९९५ च्या कायद्याच्या जागी आलेल्या दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खाजगी मालकीच्या, पण जनतेच्या वापराच्या वास्तूही येतात. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगी अथवा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असे त्याचे ४४ वे कलम सांगते. आणि उल्लंघनाबद्दल पहिल्या खेपेस दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अडचण होती ती नियमांत. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, कायदा बंधनकारक असता त्याखालील नियम केवळ शिफारशीच्या भाषेत लिहिणे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, असे ठरवून सुगम्यतेचा १५ (१) हा नियम रद्दबातल केला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखण्यास फर्मावले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झाल्यामुळे ओळख-पडताळणीसाठी पापणी लवविता न येणाऱ्या पीडितांच्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात, अंकीय सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. इमारत आणि संकेतस्थळ, दोन्ही दारांबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशा रीतीने सहा महिन्यांच्या आत स्पष्ट झाली.

आणि तरीही आपला स्वभाव तात्पुरत्या व्यवस्थेचा आहे. जानेवारी २००१ मध्ये चाकाच्या खुर्चीतून वावरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले, तेव्हा त्यांना दिल्लीची स्मारके पाहता यावीत म्हणून अपंग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या पाठपुराव्यानंतर पुरातत्त्व खात्याने लाकडी उतार उभे केले. एका जगद्विख्यात पाहुण्यासाठी जे काही दिवसांत झाले, ते आपल्या लाखो नागरिकांसाठी वर्षानुवर्षे होत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत 'पर्पल फेस्ट' भरवून अपंग पाहुण्यांचे प्रकट स्वागत केले, ही आशादायक गोष्ट आहे. मात्र उत्सवाच्या दिवसांत मिळालेले आतिथ्य वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही मिळावे लागते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' हे नाव दिले, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, आणि खुर्चीतला माणूस कर्ता असू शकतो हे महाराष्ट्राला दाखविले. तोच माणूस पर्यटकही असतो, आपल्या पैशांनी खोली घेतो, आणि इतरांप्रमाणेच संध्याकाळी समुद्रावर जाऊ इच्छितो.

हॉटेल, लॉज, भक्तनिवास अथवा घरगुती निवास चालविणाऱ्या प्रत्येकाला म्हणून माझी विनंती आहे, की मोठ्या बांधकामाची वाट न पाहता प्रथम हातात फीत घ्यावी. दर्शनी पायऱ्या किती, उताराची उंची व लांबी किती, लिफ्टचे दार किती रुंद, खोलीचे आणि न्हाणीघराचे दार किती इंच, उंबरा आहे की नाही, पलंगाची उंची किती, आधाराच्या दांड्या कोठे, हे मोजावे, न्हाणीघराचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, आणि हा सारा तपशील संकेतस्थळावर साध्या मराठीत व इंग्रजीत, चित्र म्हणून न टाकता अक्षरांत लिहावा. उत्तर प्रतिकूल असेल तरीही ते लिहावे. 'आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत, उतार नाही, न्हाणीघराचे दार चोवीस इंच आहे' एवढे प्रामाणिक वाक्यसुद्धा एका कुटुंबाचा वाया जाणारा प्रवास वाचविते. मग सवडीने आणि ऐपतीप्रमाणे एकेक दोष दूर करावा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ते वाक्य बदलावे. वाचकांनीही पुढच्या वेळी खोली नोंदविताना, आपल्या घरात कोणाला त्याची गरज नसली तरी, बाथरूमचे दार किती इंच आहे हा एक प्रश्न मालकाला अवश्य विचारावा.